पातेऱ्यातलं पाखरू

आये,

तुझं पाखरू आलंय. फणसाखाली, न्हाणीच्या मागच्या कोपऱ्यात, तू सांगायचीस अगदी तिथंच. आज आठ दिवस झाले. सकाळी उजाडताना एकदा आणि दिवेलागणीला एकदा शीळ घालतं. दोनच सूर, पहिला वर नेलेला, दुसरा खाली सोडलेला. मग दिवसभर तोंड उघडेल तर शपथ. तू गेलीस त्याला तीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत तुला लिहावंसं वाटलंच नाही असं नाही, पण तुला वाचता येत नव्हतं, म्हणून कधी कागद घेऊन बसले नाही. आज बसले आहे. तू हे वाचू शकणार नाहीस याचा खरं तर मला जरा आधारच वाटतो.

आता तू मनात म्हणशील, लेकीने जागा राखली. तसलं काही नाही. गुडघे गेलेत माझे. बदल्या आणि नोकरी संपवून तोंडवलीच्या या घरात परत आले, तेव्हा पहिल्या वर्षी हौसेने सगळं मागीलदार झाडलं, दुसऱ्या वर्षी निम्मं, आणि गेली दोन वर्षं फणसाखाली खराटा फिरवलेलाच नाही. सुकी पानं घोटाभर साचली आहेत. शेजारीण येताजाता टोमणा मारते, की बाईंनी जन्मभर पोरांकडून शाळेचं अंगण झाडून घेतलं आणि स्वतःच्या घरी पातेरा माजवला. मारू दे टोमणे. तुझ्यासारखी न्हाणीची चूल आता पेटते कुठे? पाणी बटण दाबून तापतं. तर त्या दिवशी मागच्या पायरीवर नारळ खवत बसले होते आणि पानं खसफसली. वाटलं, सरडा असेल. बघते तर मुठीएवढं पाखरू, पाठ हिरवी, पोट पिवळसर, शेपटी असून नसल्यासारखी आणि शेपटीखाली लालभडक. डोळ्यांवरून काजळाचा जाड पट्टा. एक पान चोचीने उलटायचं, थांबायचं, दोन उड्या मारून दुसरं उलटायचं. नारळाची कवड माझ्या हातात तशीच राहिली.

आये, तू पातेऱ्याचं एक पान वाया जाऊ द्यायची नाहीस. पहाटे पाटी डोक्यावर घेऊन मासळी विकायला निघायच्या आधी सगळं मागीलदार लख्ख झाडायचीस, पोती भरून न्हाणीशी रचायचीस, पावसाळाभर पाणी तापवायला. तेवढा फणसाखालचा कोपरा मात्र चैत्र सरला की सोडून द्यायचीस. का म्हणून विचारलं तर म्हणायचीस, पाखरू येतं, त्याला पानाखालचे किडे लागतात. बाजारातून आलीस की पाटी उलटी घालायचीस, पाय धुवायचीस आणि चहाची बशी घेऊन या पायरीवर बसायचीस. त्या वेळी कुणी हाक मारलेली तुला खपायची नाही. मला रंग बोटांवर मोजून दाखवायचीस. सात भरायचे. मी तेव्हा नुकती डी.एड. होऊन मास्तरीण झालेली, पायाखाली जमीन नसल्यासारखी चालणारी. मी म्हणायचे, खंड्या असेल. तू हसायचीस. जन्म खाडीवर गेला माझा, खंड्या मला कोण शिकवतंय, तो पातेऱ्यात कशाला मरायला येईल, असं म्हणायचीस. आणि वर विचारायचीस, "तुका दिसलां मा कधी?" मी नाही म्हणायचे. पुस्तकात बघून सांगेन म्हणायचे आणि विसरायचे.

मग ती संध्याकाळ. शाळा उघडायच्या आधी पटनोंदणीसाठी आम्ही शिक्षक वाडीत फिरत होतो आणि तू परस्पर सगळ्यांना जेवणाचं आवतण देऊन टाकलंस. मुख्याध्यापक खारेपाटणचे, पांढरेशुभ्र कपडे, बोलणं छापील. त्यांच्याबरोबर दोन शिक्षक. होड्या वर ओढून मासेमारी बंद व्हायचे दिवस जवळ आलेले, तरी तू कुठून कुठून सरंगे पैदा केलेस. मी सकाळपासून घर आवरत होते आणि मनातून तुझ्यावर चिडत होते. तुझं नऊवारी गुडघ्यावर खोचलेलं, हाताला मासळीचा वास, आणि तुझं ते मोठ्याने बोलणं. दिवेलागण होत आली तशी तू चुलीवरचा तवा खाली उतरवलास आणि पाहुण्यांना म्हणालीस, चला, एक गंमत दाखवते. मुख्याध्यापकांना चक्क दंडाला धरून मागीलदारी आणलंस. आम्ही चार शिकलेली माणसं त्या फणसाकडे तोंड करून उभी. तू तोंडावर बोट ठेवलंस. "वायच गप रवा, गुरुजी. आता बोलतलां."

नाही बोललं. डास मात्र चावत होते. एक शिक्षक पायाला पाय घासायला लागले. मुख्याध्यापकांनी घड्याळ बघितलं आणि माझ्याकडे बघून नुसतं हसले. ते हसू मला झोंबलं. मी म्हटलं, "सर, आमच्या आईला मोतीबिंदू झालाय. कोंबडीचं पिल्लू बघितलं असेल तिने." सगळे खो खो हसले. तूही हसलीस, आये. पदराने तोंड पुसलंस आणि सरंगे तळायला आत गेलीस. जेवताना प्रत्येकाला आग्रह केलास. मुख्याध्यापक म्हणाले, असं जेवण आयुष्यात जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा फणसाखालचा कोपरा झाडून स्वच्छ झाला होता. तिथला पातेरा न्हाणीच्या चुलीत जळत होता आणि तू माझ्यासाठी पाणी उतरवून ठेवलं होतंस. मी अंघोळ केली. पुढच्या आठवड्यात तू न सांगता एकटीच एसटीने मालवणला डोळ्यांच्या शिबिराला जाऊन आलीस. मी नव्या हजेरीपटावर रेघा मारत बसले होते. तू दारात उभी राहून म्हणालीस, "माझे डोळे बरे आसत गो. डॉक्टरान बघल्यान." मी मान वर केली नाही. नुसतं बरं म्हटलं. त्यानंतर पाच वर्षं तू होतीस, आणि पाखराबद्दल तू ब्र काढला नाहीस. तो कोपरा दर वर्षी झाडत राहिलीस.

परवा शेजारणीने एक डॉक्टरीणबाई आणली. कोल्हापूरची, पक्षी बघत हिंडणारी, तारकर्लीला उतरलेली, गळ्यात हा एवढा कॅमेरा. दोन तास पायरीवर मुकाट बसली, तुझ्या जागेवर. पाखरू दिसलं तेव्हा बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरंग म्हणतात त्याला, आये. फोटो मोठा करून तिने मला एकेक रंग दाखवला. तुझे सात बरोबर होते. राहिलेले दोन रंग पंख उघडल्याशिवाय दिसत नाहीत. मग तिने मोबाईल काढला आणि विचारलं, नोंद करायची आहे, इथं हा सगळ्यात आधी कुणी बघितला? मी म्हटलं, मीच. यापूर्वी कधी? कधीच नाही, म्हटलं, सहा दिवसांपूर्वी पहिल्यांदा. तिने लिहून घेतलं आणि माझं अभिनंदन केलं. तुझं नाव घेतलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. तिचा नंबर माझ्याकडे आहे. दोन दिवस फोन हातात घेते आणि ठेवते.

मला तू हवी आहेस ग. रोज दिवेलागणीला मी या पायरीवर बसते, शीळ येते आणि मी शेजारी बघते. एकदा येऊन बस आणि बघितलंस ना, म्हणून मला चांगली फैलावर घे. पदराआड हसून गप्प बसू नकोस.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. त्या जेवणाच्या दिवशी सकाळी तू पाटी घेऊन गेलीस आणि मी विहिरीवर पाणी काढत होते. वळले तर न्हाणीच्या कट्ट्यावर ते उभं होतं, माझ्यापासून चार हातांवर. काजळाचा पट्टा, हिरवी पाठ, सगळं. मी कळशी खाली ठेवायची विसरले. तू आलीस की पहिल्यांदा तुला हेच सांगायचं असं ठरवलं होतं. तू आलीस ती घाईत, मासळी साफ करायला बसलीस. म्हटलं, पाहुणे गेले की सांगू. संध्याकाळी तू आम्हाला तिथं उभं केलंस तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं, की हो सर, मीसुद्धा बघितलंय. तुझ्या बाजूने बोलायची मला लाज वाटली.