पेन्सिलीतले एकेचाळीस शब्द

पारोळा,
सोमवार

प्रिय भूषण,

पत्र बघून दचकू नकोस, आबा बरे आहेत. फोनच केला असता, पण घसा बसलाय. वर्गातही हल्ली शिट्टी वाजवून गप्प करते. तिसरीची पोरं खूश आहेत, मी मात्र थकलेय. फार थकलेय रे.

काल कपाटातून झिलामची वही काढून बसले. जळगावला रद्दीवाल्याकडून तू अरबी व्याकरणाचं फाटकं पुस्तक उचलून आणलंस आणि आपण आपली भाषा, झिलाम, करायला बसलो. तीन व्यंजनांचं मूळ घ्यायचं, स्वर बदलत जायचे, एकातून दुसरा शब्द निघतो. र-ध-म म्हणजे भाजणं. रिधाम म्हणजे भाजणारी, म्हणजे आपली आई. मर्धूम म्हणजे अंगणातली ती जागा, जिथे ती कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून भरताची वांगी भाजायची. नऊशे शब्द झाले, बारावीत तुझे मार्क घसरले आणि आबांनी वही माळ्यावर टाकली. खुर्चीवर चढून ती खाली मीच काढली होती.

नियम तुझा होता. शब्द करणाऱ्याने तो मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने ऐकून परत म्हणायचा, मग दोघांच्या सह्या आणि शाई. तोवर पेन्सिल. गेल्या आठ वर्षांतले माझे एकेचाळीस शब्द पेन्सिलीतच पडून आहेत.

आठ वर्षं म्हणजे तुझ्या हळदीपासून. त्या दिवशी मी झिलाममध्ये चार ओळी म्हटल्या, आठवडाभर खपून रचलेल्या. तुझी मामेसासू धुरपदाबाई ओरडली, "ओ माय, हाई पोर काय मंतर म्हनी ऱ्हायनी?" आणि मीठ-मिरच्या घेऊन तुझी दृष्ट काढायला धावली. त्याचं मला हसूच आलं. पण तू मान खाली घालून म्हणालास, "तिच्याकडे लक्ष नका देऊ, ती लहानपणापासून काहीही बडबडते." बडबडते! नऊशे शब्दांखाली तुझी सही आहे, भूषण. मला इतकं एकटं वाटलं की न जेवताच मी पारोळ्याची एसटी धरली.

मग राखी पोस्टाने आणि दिवाळीला दोन मिनिटांचा फोन. तुझं धुळं इथून तासाभरावर, तरी मी आले नाही. माझंही चुकलंच. सासरच्या माणसांपुढे तू गडबडला असशील, एवढं कळायला हवं होतं मला.

शब्द मात्र होत राहिले. एसटीत खिडकीशी लागणाऱ्या डुलकीला एक आहे. शाळा सुटल्यावर रिकाम्या बाकांकडे बघत बसतो, त्याला एक. आई गेल्यावर अंगणातल्या त्या काळ्या डागावर पाय ठेववत नाही, त्यालाही केला, र-ध-म मधूनच. तो तुला पटेल असं वाटतं.

आता खरं सांगते. घसा बसलेला नाही, स्वरयंत्रात गाठ आहे. पुढच्या सोमवारी जळगावला ऑपरेशन. जीव वाचेल म्हणतात, आवाज जाईल. आबांना अजून सांगितलेलं नाही. वही राहील, पण ते शब्द म्हणायचे कसे, हे वहीत कुठे आहे? म्हणून रविवारी ये. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय आणि मी कुणाशीच बोलत नाहीये, तुला फोनसुद्धा केला नाही. एकेचाळीस शब्दांपुरता आवाज राखून ठेवलाय. नाही आवडला तो खोडून टाक, पण प्रत्येक शब्द माझ्यामागून एकदा म्हण. आणि येताना शाईचं पेन आण.

तुझीच,
रूपाअक्का