चार वाजता दिवे बंद

४ मार्च. सकाळी ८.१०
प्रिंटरमध्ये कोणाचा तरी कागद राहिला होता. दुसऱ्याचे कागद मी वाचत नाही. हा उलटा करून ठेवताना वाचला गेला. गुणगुणीचा अर्ज. काम करताना सतत गुणगुणते म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. नऊ वर्षं माझ्या हाताखाली आहे. मायक्रोस्कोपखाली किड्यांतला नर कोणता, मादी कोणती, हे ओळखायला मी शिकवलं. आणि अर्ज कशासाठी, तर माझ्याच जागेसाठी. ३१ मेला मी रिटायर होणार हे जगजाहीर आहे, पण अजून झालेली नाही.
शिफारस कोण करणार, या रकान्यात माझं नाव. मला न विचारता.
ठरवलं: एक शब्द बोलायचा नाही. वागण्यात फरक दिसू द्यायचा नाही.

४ मार्च. दुपारी
फरक दिसला असावा. गुणगुणी म्हणाली, बाई, बरं नाही का वाटत? म्हटलं, मी ठणठणीत आहे, तू तुझं बघ.

५ मार्च
शांतपणे विचार केला. हिला अर्ज लिहायला वेळ मिळतो कधी? मी घरी गेल्यावर. आमच्या खोलीला खिडकी नाही. दिवे टायमरवर, सकाळी सहा ते रात्री दहा. म्हणजे हिला मोकळं रान. आजपासून टायमर बंद. दिवे मी आठला लावणार आणि चारला घालवणार. खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये. यात राग नाही, शिस्त आहे. नोंदवहीत तसं लिहून सही केली.
गुणगुणी म्हणाली, बाई, दिवस एवढा लहान केला तर माद्यांना हिवाळा आला असं वाटेल. हे तिला पहिल्या वर्षी मीच शिकवलेलं: दिवस लहान झाला की आई जी अंडी घालते त्यातली पोरं वाढत नाहीत, अळीच्या वयातच महिनोन्महिने झोपून राहतात. माझाच धडा मला म्हणून दाखवते. सांगितलं, ते रानातल्यांचं. लॅबमधल्या माझ्या बावीस नंबरच्या जातीला सव्वीस वर्षं मी झोपू दिलेलं नाही.

९ मार्च
जाऊबाई आल्या होत्या. म्हणाल्या, तुम्ही त्या लॅबमध्ये नक्की करता तरी काय हो? दरवर्षीचा प्रश्न. सांगितलं: गांधीलमाशीच्या कुळातला, मुंगीएवढा किडा. मादी दुसऱ्या माशीच्या कोषात अंडी घालते. पोरं आतली माशी खाऊन संपवतात आणि भोक पाडून बाहेर येतात. जाऊबाईंनी हातातली बशी खाली ठेवली.
पुढचंही सांगितलं. मुलीला बाप लागतो, मुलाला लागत नाही. नर न भेटता घातलेल्या अंड्यातून नर निघतो. त्याच्याकडे फक्त आईचा वारसा. आईकडून आलेला दोष झाकायला बापाकडचं काही नाही, म्हणून जे असेल ते तोंडावर दिसतं. घरच्या खिडकीतल्या चिमणीच्या घरट्यात मला असाच लाल डोळ्यांचा नर सापडला. त्याच्यापासून बावीस नंबरची जात मी उभी केली. जगात दुसरीकडे कुठे नाही.
जाऊबाई म्हणाल्या, मग बापाचं काम काय? हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, गप्प बसायचं.

१८ मार्च
माशीचे कोष उशिरा का होईना, आले. बारा दिवस माद्या नुसत्या मधावर होत्या. कोष देताच तुटून पडल्या. चौदा दिवसांनी नवी पिढी. तिची मोजदाद करून शेवटचा लेख लिहायचा, एकटीच्या नावाने.
गुणगुणी शिफारशीबद्दल अवाक्षर काढत नाही. मीही नाही. बघू कोण आधी तोंड उघडतं.

१ एप्रिल
एकही बाहेर आली नाही. थंडी असेल. थर्मामीटर पाहिला. थंडी नाही.

४ एप्रिल
एकही नाही. कोषच खराब असणार. पुरवठादाराला खरमरीत मेल. त्याचं उत्तर तासाभरात: शेजारच्या लॅबला त्याच खोक्यातले दिले, त्यांची तक्रार नाही. माणसं किती सराईतपणे खोटं बोलतात.

८ एप्रिल
म्हाताऱ्या माद्याही मेल्या. बावीस नंबर संपली. रात्री जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं, झालं काय? म्हटलं, सव्वीस वर्षं. हे म्हणाले, आपली पस्तीस झाली.

९ एप्रिल
उलगडा झाला. किल्ली माझ्याकडे असली तरी आठ ते चार गुणगुणी आत असतेच. आधी अर्ज, मग बाईंची जात मारायची, म्हणजे बाई मान खाली घालून जातील. सगळं जुळतं.
तिने विचारलं, एखादा कोष उघडून बघू का? नाही म्हटलं, पुराव्याला हात लावायचा नाही. तीन ट्यूब मेण लावून सीलबंद केल्या, सीलवर सही. बाकीच्या उकळून टाकल्या. मेलेलं ठेवायचं नाही हा माझा नियम. ती दारात उभी राहून डोळे पुसत होती. अपराधी माणूस असाच रडतो.

१० एप्रिल
साहेबांकडे तीन पानी तक्रार दिली. 'विश्वासघात' पाच वेळा आला होता. दोन काढले.

१५ एप्रिल. सकाळी ११
चौकशी. साहेब, मी, गुणगुणी. मी मुद्देसूद बोलले. साहेब म्हणाले, बाई, विषबाधा असेल तर आत दिसेलच, उघडा एक.
सील मीच फोडलं. मायक्रोस्कोपही मीच लावला. सुईने कोषाचं टोक काढलं. आत अळ्या. पंचवीसेक. पांढऱ्या, गुबगुबीत. एकीला सुईचं टोक लावलं. हलली.
बराच वेळ मी मायक्रोस्कोपवरून डोळे काढले नाहीत. काढले असते तर कोणाकडे तरी बघावं लागलं असतं.
साहेबांनी विचारलं, खोलीत दिवे किती तास असतात? नोंदवही टेबलावरच होती. मीच आणली होती, पुरावा म्हणून.
गुणगुणीला बोलायची संधी होती. बोलली नाही. मुद्दाम.
तक्रार मी मागे घेतली नाही. साहेबांनी परत दिली.

१६ एप्रिल
आता त्यांना निदान तीन महिने फ्रिजमध्ये ठेवायचं. मग ऊब आणि सोळा तास दिवे, म्हणजे जाग्या होतील. म्हणजे जुलै अर्धा होणार. मी ३१ मेला जाणार. मुदतवाढ मागता येईल, पण साहेब कारण विचारतील.
हे काम बिनचूक कोणाला जमेल याची यादी केली. यादीत एकच नाव आलं. पुन्हा केली. तेच.
शिफारसपत्र लिहिलं. चार ओळी. 'काटेकोर' हा शब्द घातला. तिला दाखवणार नाही.

१७ एप्रिल. दुपारी ३.४०
ट्यूब फ्रिजमध्ये ठेवताना फॉर्म भरावा लागतो. फॉर्म मीच तयार केलेला. 'पिढी थांबण्याचं कारण' हा रकाना रिकामा सोडता येत नाही, हाही नियम माझाच. लिहिलं: वीजपुरवठ्यात बिघाड. एका अर्थी खरंच आहे.
खाली ताबा घेणाऱ्याची सही लागते. फॉर्म गुणगुणीपुढे सरकवला. तिने सही करून परत दिला, ट्यूब घेतल्या आणि गेली.
नऊ वर्षं हिला घोकवलं, नोंद खोटी असेल तर सही करू नकोस, समोर कोणीही असो. आणि हिने न वाचता सही ठोकली.
नाही. वाचून केली.