मातीतली रेघ

१२ ऑगस्ट, आयोवा

कॅचर किन्योनेसवर तीन सामन्यांची बंदी. लीगच्या ऑफिसातून गॅरिटीसाहेबांनी सकाळी फोनवर पक्कं सांगितलं. शिवाय हेही, की ज्यावर मी त्याला बाद दिलं तो चेंडू प्लेटच्या, म्हणजे बॅटवाल्यापुढच्या जमिनीतल्या पाटीच्या, बाहेरच होता. चित्रीकरण त्यांनी स्वतः पाहिलं. "चुकतं रे वॉल्ट, माणूस आहेस," म्हणाले. चुकण्याचं मला काही नाही. इतकी वर्षं बेसबॉलचा अंपायर आहे, रोज चुकतो.

दुपारी गाडीत प्रुइटने रेडिओ लावला. प्रुइट माझा जोडीदार अंपायर. बातमी — वरच्या, मोठ्या लीगमधल्या संघाचा कॅचर जायबंदी. किन्योनेसला बोलावणार होते, खालच्या लीगमध्ये अकरा वर्षं झिजल्यावर पहिल्यांदाच! बंदी म्हणून दुसऱ्याला नेलं. प्रुइटने आवाज बारीक केला.

१३ ऑगस्ट

परवाचं लिहूनच टाकतो.

सातव्या डावात चेंडू बॅटची कड घेऊन थेट माझ्या मुखवट्यावर आला. कानात शिट्टी वाजायला लागली. कॅचर म्हणून किन्योनेस माझ्यापुढे उकिडवा, चेंडू झेलायला. मान न वळवता पुटपुटला, "साहेब, जरा दम घ्या. मला पिचरशी बोलायचंय." उठून चेंडू टाकणाऱ्याकडे गेला, तिथे उगाच रेंगाळला. कॅचर लोक असंच करतात. त्यांना लागलं की वेळ मिळावा म्हणून आम्ही स्वच्छ प्लेट पुन्हा झाडत बसतो. आभार कुणी मानत नाही.

नवव्या डावात तो स्वतः बॅट घेऊन उभा. चेंडू प्लेटवरूनच गेला म्हणून मी तिसरा स्ट्राइक दिला — बाद. त्याने बॅटच्या टोकाने मातीत रेघ ओढली, चेंडू गेला होता बरोबर तिथे, प्लेटच्या बाहेर. तोंडातून अक्षर नाही. रेघ ओढली की मैदानाबाहेर, हा आमचा नियम. काढला. लोक हसले — त्याला नाही, मला. मी रेघ बुटाने पुसली.

नुसत्या रेघेवर दंडात भागलं असतं. मी गॅरिटीसाहेबांना फोनवर सांगितलं, त्याने मला आईवरून शिवी दिली.

रेघ बरोबर जागी होती, म्हणून.

१४ ऑगस्ट

नाश्त्याला प्रुइट म्हणाला, "मला नाही बाबा शिवी ऐकू आली."

"तू लांब होतास."

"असेन. मिरपूड दे."

१५ ऑगस्ट

साहेबांना फोन केला. सांगितलं, शिवी नव्हतीच, मी खोटं बोललो.

"आता सांगतोयस? त्या पोराची जागा गेली."

"हो."

"सोमवारी ऑफिसात ये. बदली माणूस येईपर्यंत काम कर."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. जेवण गेलं नाही.

१६ ऑगस्ट

सकाळी साहेबांचा पुन्हा फोन. किन्योनेसला त्यांनी बंदीआधीच विचारलं होतं. तो म्हणाला होता, 'हो, दिली शिवी.' काल त्यांनी त्याला परत गाठलं — का रे असं? तर म्हणाला, "त्यांच्या डोक्याला लागलं होतं. भलतंच ऐकलं असणार. ते कळलं असतं तर तुम्ही म्हाताऱ्याला घरी बसवलं असतं."

बंदी संपली. संध्याकाळी प्लेटमागे मी. माझ्यापुढे तो बसणार.