दोन ठोक्यांच्या मधली टाळी

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझी दुसरीपर्यंतची अक्षरं, सांभाळून घ्या. आमचा धाकटा काशीमिऱ्याला हॉटेलात वेटर आहे. तिथं उतरलेल्या फ्रान्सच्या एका बाईनं गेल्या महिन्यात जाताना त्याला कॅसेट दिली, तिच्या देशातल्या गायकाची. रेगे म्हणतात म्हणे त्या गाण्याला. मी भाकरी थापतेय आणि यानं टेप लावला. आई गं, काय तो आवाज! दुपारचं जेवून खाटेवर पडलेला माणूस उठायचा कंटाळा करत तिथंच गायला लागावा तसा, जाड, जरासा नाकातून. एक शब्द कळेल तर शपथ. पण कुणावर रागवत नाही आणि कुणाला घाबरतही नाही, असा गातो. आणि ठेका! जिथं पडायला हवा तिथं पडतच नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत गिटार चॅक करून वाजते, परत चॅक.

आप्पा, ती माझी जागा! तुमच्या गायन पार्टीत मी कोरसला बसायचे, दहा-अकरा वर्षांची. सगळ्यांची टाळी एकीकडे, माझी मध्येच. अख्ख्या गावासमोर पेटी थांबवून तुम्ही म्हणालात, "तू नुसती बस. टाळी नको." तेव्हापासून वाजवली नाही. नातवंडांच्या वाढदिवसालाही मी आपली नुसती हसते. आणि त्या दिवशी पिठाचे हात आपोआप वाजले, गायकाबरोबर, अगदी बरोब्बर! पीठ सुनेच्या केसांत. ती म्हणते, "आई, अहो, तुम्हाला ताल आहे की!" शेजारची गुजराती बाई दारात येऊन विचारते, "मौसी, ये कौनसा भजन है?" म्हटलं, "फ्रान्स का है. बैठो, ताली बजाओ."

काल वस्तीत जयंतीच्या गाण्यांचा कार्यक्रम होता. धीर करून बायकांच्या कोरसमध्ये बसले. टाळी दिली ती मध्येच. ढोलकीवाला वळून बघायला लागला. वाटलं, झालं, आता हा उठवतोय मला. तर म्हणतो कसा, "आजी, सोडू नका, गाणं भरतंय!" हात लाल होईस्तोवर वाजवल्या, आप्पा. अजून चुरचुरतायत.

हे पत्र कुठं पाठवणार? राहील पिठाच्या डब्याखाली. एकच सांगते. तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाला तुमचीच गाणी चालली होती आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. लोकांना वाटलं, पोर दुःखात आहे. मला टाळी येत होती.