चौथा भाग आणि सरांच्या चपला

मंगळवार, १४ मे. संध्याकाळ.

डोकं अजून तापलेलंच आहे. जग संपल्यानंतरच्या त्या कादंबरीमालेचा तिसरा भाग वाचून झाला, म्हणून आज उस्मानपुऱ्याच्या वाचनालयात सगळ्यांनी वहीत अभिप्राय लिहिले. ग्रंथपाल शकीलभाईंनी आधीच सांगितलं होतं, "वहीत चांगले अभिप्राय आले तरच चौथा मागवतो." मला चौथा हवाच आहे.

निवृत्त प्राध्यापक जोशी सरांनी लिहिलं, "पाण्यासाठी माणसं इतकी खालच्या थराला जातात, हे पटत नाही." बाकी पाच जणांनी खाली नुसतं "सहमत". ह्यांच्या गल्लीत पाणी आठ दिवसांनी येतं. हे वाचक? पण मी नववी नापास, बोलणार कसा?

तेवढ्यात सरांना घरून फोन आला. सर फोनवर ओरडले, "नळ आला? मग मोटर लाव. शेजारचे लावायच्या आत लाव." सर तसेच पळाले. भर उन्हात, अनवाणी. चपला दारातच.

शकीलभाई मला म्हणाले, "तू पण लिही ना, मियाँ."

एकेक अक्षर तपासून लिहिलं, "सरांच्या चपला दारात आहेत. चौथा भाग मागवावा."