शेवटचा घास

सोलो, १४ नोव्हेंबर २०१९

प्रिय दानांग,

आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत, तूही सुराबायात बरा असशील असं धरून चालते. आईचे गुडघे कुरकुरतात, पण बाजारात सोयाबीनच्या टेंपे-वड्या विकणाऱ्याशी अर्धा तास हुज्जत घालण्याइतके ते अजून धड आहेत. आमच्या ह्यांचा खोकला गेला. दारातल्या रांबुतानला यंदा फळ बरंच धरलंय.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू थोरल्या बहिणीला 'हो म्बाक, हो म्बाक' म्हणतोस आणि मागून आईचा फोन आला की माझं सगळं पुसलं जातं. कागद वाचताना मध्ये कुणी बोलत नाही, म्हणून लिहितेय.

आधी पोपटाचं सांगते.

ईदला तू त्या पिवळ्या पोपटाचं पिल्लू बुटांच्या खोक्यातून आणलंस. अंगावर पिसांऐवजी नुसत्या काड्या होत्या. "मी नसलो तरी हा आहे," असं म्हणून आईच्या मांडीवर ठेवलंस आणि दुसऱ्या दिवशी गाडी पकडलीस. भरवायचं कसं ते मला विचारायचं तुला सुचलं नाही. मी पक्ष्यांच्या पैदाशीच्या जागी पिल्लं भरवायचंच काम करते, हे तुला ठाऊक नाही थोडंच. असो. मी आईला वाकवलेला चमचा दिला, पिल्लांचं पीठ दिलं, मनगटावर थेंब टाकून ऊब कशी बघायची ते दाखवलं. महिनाभर तिनं सगळं नीट केलं. पिल्लू गुटगुटीत झालं, रंग भरला, उडायलाही लागलं.

इथून पुढे किळस येईल, जेवण झाल्यावर वाच.

पिल्लू उडायला लागलं की भरवणं हळूहळू सोडवावं लागतं. दुपारचं बंद, मग सकाळचं. समोर कणीस, भिजवलेली भरड, कांगकुंगची पानं टाकायची आणि त्याला जरा भुकेलं राहू द्यायचं. ते रडतं. मान खालीवर करून असं केविलवाणं ओरडतं की दगडालाही वाटावं, आपण पापी. ते रडू द्यायचं असतं. आईला म्हटलं तर ती म्हणाली, "तुला पोर झालं नाही ना, म्हणून तुला रडणं ऐकवतं."

हे ती मला म्हणाली. मी घरी निघून आले.

पुढच्या वेळी गेले तर चमचा पडलेला धूळ खात. आई पायरीवर बसून भात चावतेय, टेंपेसकट, मिरचीसकट. चावून चावून लगदा केला, ओठ पुढे काढले आणि त्या पाखरानं अख्खी चोच तिच्या तोंडात घातली. हनुवटीवरून लाळ आणि भात ओघळतोय. पाखराच्या गळ्यावरची पिसं चिकटून वाळून खडखडीत झालेली. आई लाडानं म्हणतेय, "खा रे तोले, खा." तोले. तुला हाक मारायची तीच हाक. मला तिथंच ओकारी आली. मी विहिरीपाशी जाऊन तोंड धुऊन आले.

"आई, माणसाची लाळ पाखराला बाधते. मरेल ते."

"दानांगला मी असंच भरवलं. तो मेला का?"

तरी मी हट्ट सोडला नाही. शेवटी ती म्हणाली, सोडवते, पण माझ्या पद्धतीनं. तिची पद्धत म्हणजे गुळवेल. आपल्याकडे बाया अंगावरचं दूध सोडवायला छातीला लावतात ना, तसा तिनं गुळवेलीचा कडू रस ओठांना फासला. पोपटानं चोच लावली, डोकं झटकलं, तिच्या ब्लाउजला चोच पुसली आणि परडीखाली जाऊन बसून राहिला. अर्ध्या तासानं मी स्वयंपाकघरात डोकावले तर आई साखरेच्या पाण्यानं ओठ धूत होती. त्या दुपारी तिनं त्याला दुप्पट भरवलं. तुझ्या वेळीही तिनं हेच केलं होतं म्हणे. चार वर्षांचा होतास तू. हे ती कौतुकानं सांगते.

दोन महिन्यांपूर्वी त्याची अन्नथैली तुंबली. गळ्यापाशी लिंबाएवढी फुगलेली, हात लावला तर थंडगार, आणि चोच उघडली की आंबवलेल्या कसाव्याचा भपकारा. ते भरवलेलं आतच कुजत होतं, आणि ते पाखरू तशातही तोंड उघडून मागत होतं. आई तशातही द्यायला निघाली होती. डॉक्टरांनी नळी घालून थैली धुतली. बाहेर आलं ते मी हातात धरलेल्या वाडग्यात पडलं. भाताची शितं ओळखू येत होती. मला माझ्या हातांची दोन दिवस शिसारी येत होती.

दवाखान्यातून मी पोपट सरळ माझ्या घरी आणला. आईनं काही दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. शेजाऱ्यांना सांगत सुटली, मुलीनं माझं लेकरू चोरलं.

आता तुझं. आईनं मला तुझा निरोप वाचून दाखवला. आपली रात्री, तुझी बायको, छोट्या किनानला घेऊन माहेरी ब्लितारला निघून गेली, आणि तू नोकरी सोडून इकडे यायचं म्हणतोस, 'थोडे दिवस, आईपाशी.' आईनं तुझी खोली झाडली. नवी मच्छरदाणी लावली. तुझ्या आवडीची वांगी रोज आणते आणि रोज मला बजावते, रात्रीला दोष दे, ती पोरगीच कोरडी.

मी रात्रीला फोन केला होता. तू सांगितलंस तसलं भांडण-बिंडण काही झालंच नाही. ती रडलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "म्बाक, मला एक लेकरू आहे. दुसरं सांभाळायची ताकद नाही."

तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं तुला शेवटचा घास भरवला, आठवतं? बाबा नव्हते, म्हणून तिनं एकटीनं भरवला. यापुढे तुझं तू खा, तुझ्या घरच्यांना खाऊ घाल, एवढाच त्या विधीचा अर्थ. सगळ्या बायकांनी डोळे पुसले, मीसुद्धा. आणि आठवड्यानं आई डबा घेऊन बसनं सुराबायाला तुझ्या दारात हजर. मी सोबत होते. रात्रीनं नारळाच्या दुधातली भाजी केली होती, पहिल्यांदाच, बोट भाजून घेऊन. ती झाकलेलीच राहिली. तू आईचा डबा उघडलास, आणि आई घास करून तुझ्या तोंडात घालत होती, आणि तू आ करत होतास. तुझ्या नव्या बायकोसमोर. तेव्हा जी किळस आली ना, तीच त्या पायरीवर आली. पोपटाला बिचाऱ्याला काय बोल लावू, त्याला तर कुणी शिकवलंच नव्हतं.

पोपटाचं राहिलं. माझ्याकडे तो खूप रडला. शेजारणी भांडायला आल्या. चमचाभर सकाळी, चमचाभर रात्री, बाकी वेळ मी कानात कापूस घालून कामं करत होते. वजन उतरलं, मलाही धास्ती वाटली. मग एका सकाळी आवाजच नाही. मेला असं धरून मी पिंजऱ्यावरचं फडकं काढलं. तो एका पायात कणीस धरून दाणे सोलत होता, सालपटं सगळीकडे उडवत. माझ्याकडे बघितलंही नाही त्यानं.

मी आईला बोलावून आणलं. तिनं आल्याबरोबर केळं तोंडात टाकलं, चावलं, ओठ पुढे केले. "तोले, ये." तो उडत तिच्या खांद्यावर गेला, तिच्या कानातलं ओढलं, केसांत चोच घातली, लाड करून घेतले. ओठांकडे एकदा पाहिलं आणि उडून कणसावर परत. आई तशीच उभी, तोंडात लगदा. थुंकावा कुठे, तेही तिला कळेना. मग तो घास तिनं स्वतःच गिळला.

तिचा राग मला अजून आहे, दानांग, तिची दयाही आली. मी तिला चहा दिला. ती म्हणाली, "छान खातो की." मग खाली पडलेली सालपटं वेचायला लागली.

तुझ्या खोलीतली मच्छरदाणी मी काढून धुऊन ठेवलीय. आईनं ती परत लावली नाही. नोकरी सोडू नकोस. ब्लितारला जा. तुझी बायको लगेच दार उघडेलच असं नाही, उघडलं नाही तर बाहेर बस, गाड्यावरचं खा, दुसऱ्या दिवशी परत जा. भूक लागेल. लागू दे.

आईला भेटायला केव्हाही ये, ती वाट बघते. फक्त येशील तेव्हा जेवून ये.

तुझी म्बाक,
वेनिंग