आरशात दिसलो नाही तर थांब

४ सप्टेंबर
डॉक्टरांनी आज माझ्या नवऱ्याचं, वेंडेलचं, गाडी चालवणं कायमचं बंद केलं. नुसता विसराळूपणा नाही म्हणे, मेंदूच झिजतोय. बाहेर आल्यावर ट्रकची चावी त्याने माझ्या हातात कोंबली. मी चालवत घरी आणलं. घर म्हणजे ट्रकमागे ओढायचा हा चाकांवरचा ट्रेलरच. विटांचं घर केव्हाच विकलं.

कर्कचा फोन. "आई, ट्रेलर विकून टाक. बाबांना इथे संस्थेत ठेवू." मी म्हटलं, मुळीच नाही. नळ गोठायच्या आत मी स्वतः ट्रेलर ॲरिझोनाच्या उबेत नेते, दर हिवाळ्यासारखा. तर हसला! पोटचा पोरगा!

७ सप्टेंबर
वेंडेलचा पहिला धडा — ट्रेलर मागे घेणं. "हात स्टिअरिंगच्या तळाशी धर. ट्रेलरचं बूड जिकडे न्यायचं तिकडे हात ने." ऐकायला सोपं. ट्रेलर ट्रकशी काटकोनात वळून अडकला. "अगं, डोळे आहेत की बटणं?" मी दार आपटून उतरले.

शेजारी खुर्च्या टाकून, बिअर घेऊन बसलेले. आमच्या या ट्रेलरवाल्यांच्या कॅम्पवर कुणी ट्रेलर जागेवर लावायला घेतला की बाकीच्यांना फुकटचा तमाशा. शेजारची बेव्ह ओरडली, "नोरीन, या ट्रेलर लावण्यापायी माझा पहिला नवरा गेला!" मेला की सोडून गेला, ते विचारलं नाही.

८ सप्टेंबर
आज पण रडले.

१५ सप्टेंबर
जमतंय थोडं थोडं! तो मागे उभा राहून हाताने खुणा करतो, आणि एक नियम त्याने माझ्या डोक्यात ठोकून बसवलाय: "मी आरशात दिसलो नाही तर थांब. आभाळ कोसळलं तरी थांब."

आज दिसेना. थांबले. उतरून मागे जाते तर स्वारी कुणाच्या तरी कुत्र्याशी गप्पा मारतेय. मला बघून म्हणतो, "कुठे निघालीस?" मला शिकवतोय हेच विसरला होता.

२३ सप्टेंबर
घात झाला. ट्रेलरची पिन ट्रकच्या हौद्यातल्या जबड्यात बसली की जबडा बंद झालाय का बघायचं, आणि ट्रेलर ज्यांवर टेकलेला असतो ते पाय उचलायच्या आधी ट्रक जरासा पुढे ओढून खात्री करायची. हे चालू असताना मध्ये कुणी बोलायचं नाही, इथला रिवाजच आहे. बेव्हसुद्धा पाळते.

वेंडेल म्हणाला, "लागलं. उचल पाय." मी म्हटलं, एकदा ओढून बघते. भडकला! "जन्मभर हेच करतोय मी. आता माझ्या शब्दाला किंमत नाही?" त्याचं तोंड बघवेना. पाय उचलले, ट्रक पुढे घेतला आणि अख्खा ट्रेलर धाडकन हौद्यावर! दोन्ही कडा चेपल्या.

कुणी हसलं नाही. मुकाट्याने खुर्च्या उचलून आत गेले सगळे. तेच जास्त लागलं.

वेंडेल तिथेच उभा. "मी बघितलं होतं गं. बघितलं होतं ना?" हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? यापुढे त्याच्या शब्दावर काही सोडायचं नाही. भीती वाटते मला. फार भीती वाटते.

२ ऑक्टोबर
सकाळी बादलीत बर्फाचा पापुद्रा. कर्क शनिवारी येतोय. "आई, माझ्यासमोर एका दमात लावून दाखव. नाही जमलं तर बाबा माझ्याबरोबर येतील." वेंडेलला सांगितलं. म्हणाला, "मी मागे उभा आहे ना! घाबरतेस कशाला?" कितीतरी दिवसांनी माझ्या केसांवरून हात फिरवला.

५ ऑक्टोबर
लावला! दोन झाडांच्या मधे, एका दमात, कर्कच्या डोळ्यांदेखत. वेंडेल शेवटपर्यंत आरशात होता. हाताची एक खूण चुकली नाही त्याची.

मग माझ्या खिडकीशी आला. टोपी काढली. "छान लावलात हो, बाई. एकट्याच आहात? मिस्टर कुठायत तुमचे?"